जावा ॲप्लिकेशन सर्व्हरमधले थ्रेड पूल : रांग, मर्यादा आणि मोजमाप

सर्व्हरचे कॉन्फिगरेशन हातात आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मॅक्स थ्रेड्स किती ठेवू?’ या लेखात त्या आकड्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागणार आहे आणि तो मी मुद्दाम लावला आहे. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, आणि थ्रेड पूल म्हणजे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी ठेवलेल्या अशा थ्रेडचा संच. थ्रेडची संख्या हा पूलचा सगळ्यात ठळक दिसणारा आकडा आहे खरा. पण सर्व्हर कधी आणि कसा कोलमडेल हे ठरते ते रांगेच्या लांबीवरून आणि थ्रेड कशाची वाट पाहत अडकले आहेत यावरून. म्हणून आधी पूल आतून कसा चालतो ते पाहू, मग विनंती त्यातून कशी जाते ते पाहू, आणि त्यानंतरच आकडे मांडायला बसू.

एक्झिक्युटर नेमके काय करतो

जावाचा नेहमीचा थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचाच एक थ्रेड असतो. ६४ बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारणपणे १ एमबी ॲड्रेस स्पेस राखून ठेवली जाते. प्रत्यक्ष मेमरी वापराप्रमाणे लागते, पण थ्रेड तयार करणे, त्याला प्रोसेसरवर चढवणे आणि उतरवणे हा खर्च प्रत्येक वेळी होतोच. प्रत्येक विनंतीला नवा थ्रेड दिला तर गर्दीच्या वेळी सर्व्हर काम करण्याऐवजी थ्रेडची अदलाबदल करण्यातच दमतो, आणि थ्रेडच्या संख्येला कोणताही लगाम राहत नाही.

२००४ मध्ये आलेल्या जावा ५ मध्ये, डग ली यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जेएसआर १६६ (जेएसआर म्हणजे जावातल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) या कामातून, कॉन्करन्सीचे जे पॅकेज भाषेत आले त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या : काय करायचे आहे आणि ते कोणी करायचे आहे. एक्झिक्युटर या इंटरफेसमध्ये ‘एक्झिक्युट’ ही एकच मेथड आहे. तिला काम द्यायचे आणि मोकळे व्हायचे. एक्झिक्युटर सर्व्हिस त्यावर ‘सबमिट’, ‘शटडाऊन’ वगैरे चढवते, म्हणजे निकालाची वाट पाहता येते आणि पूल रीतसर बंद करता येतो. आत मात्र कोणतीही जादू नाही. पूलमधला प्रत्येक थ्रेड एका लूपमध्ये फिरत असतो : रांगेतून काम उचलायचे, चालवायचे, पुन्हा रांगेकडे यायचे. रांग रिकामी असेल तर तो तिथेच थांबून राहतो.

पूल कधी वाढतो, कधी रांग लावतो, कधी नकार देतो

जावाच्या थ्रेडपूलएक्झिक्युटरला आपण कोअर संख्या (एरवी ठेवायचे थ्रेड), कमाल संख्या, रिकाम्या थ्रेडने किती वेळ जिवंत राहायचे तो काळ, रांग, थ्रेड फॅक्टरी आणि नकाराचे धोरण अशा गोष्टी देतो. नवे काम आल्यावर त्याचा निर्णय एका ठरलेल्या क्रमाने होतो. थ्रेडची संख्या कोअरपेक्षा कमी असेल तर, बाकीचे थ्रेड रिकामे असले तरीही, नवा थ्रेड तयार होतो. कोअर भरला असेल तर काम रांगेत जाते. रांगेत जागा नसेल तरच कमाल संख्येपर्यंत जास्तीचे थ्रेड तयार होतात. तेही भरले की नकार.

हा क्रम अनेक अनुभवी लोकांच्याही डोक्यात उलटा बसलेला असतो, म्हणून एक हिशोब करून पाहू. कोअर ४, कमाल ८, रांग २० आणि प्रत्येक काम बरोबर १ सेकंदाचे, असे धरा. एकाच क्षणी २४ कामे आली, तर पहिली ४ थ्रेडवर जातात, उरलेली २० रांगेत मावतात. रांग भरली असली तरी ओसंडली नाही, म्हणून पाचवा थ्रेड तयारच होत नाही, आणि सगळी कामे संपायला ६ सेकंद लागतात. आता २४ ऐवजी २८ कामे आली असे धरा. पंचविसाव्या कामाला रांगेत जागा मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी नवा थ्रेड तयार होतो. तसेच सव्विसावे, सत्ताविसावे आणि अठ्ठाविसावे. आता ८ थ्रेड चालू आहेत आणि २८ कामे ४ सेकंदांत संपतात. कामे वाढली आणि वेळ घटला! शिवाय, शेवटी आलेले पंचविसावे काम आधी सुरू झाले आणि पाचवे अजून रांगेतच राहिले. कामांचा क्रम महत्त्वाचा असलेल्या ठिकाणी हा तपशील माहीत नसेल तर पुढे फार गोंधळ होतो. एकोणतिसावे काम आले तर त्याला नकार मिळतो.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट उघड होते. रांगेला मर्यादाच नसेल तर ती कधीच भरत नाही आणि कमाल संख्या हा आकडा केवळ शोभेचा राहतो. एक्झिक्युटर्स या मदतनीस क्लासमधली ‘न्यू फिक्स्ड थ्रेड पूल’ ही मेथड अशीच रांग वापरते. तिची क्षमता २१४,७४,८३,६४७ म्हणजे व्यवहारात अमर्याद. थ्रेड मर्यादित राहतात, पण मंदावलेल्या सर्व्हरची सगळी थकबाकी हीपमध्ये, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीत, साठत जाते आणि शेवटी मेमरी संपते. ‘न्यू कॅश्ड थ्रेड पूल’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे : कोअर शून्य, कमाल तोच अवाढव्य आकडा, आणि रांगेच्या जागी सिंक्रोनसक्यू, जिच्यात एकही काम साठत नाही. तिथे थकबाकी थ्रेडच्या रूपाने उभी राहते. प्रॉडक्शनमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये या दोन्ही मेथड दिसल्या की मी थबकतो. थ्रेडपूलएक्झिक्युटरचा कन्स्ट्रक्टर थेट वापरून रांगेचा आकडा स्वतः लिहिण्यात जे चार शब्द जास्त लागतात, ते लिहावेत.

विनंती सर्व्हरमध्ये शिरल्यावर

टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरचे उदाहरण घेऊ, कारण स्वतंत्रपणे किंवा स्प्रिंग बूटच्या पोटात तो बहुतेकांच्या ओळखीचा असतो. त्याच्या एनआयओ कनेक्टरमध्ये, म्हणजे कनेक्शन सांभाळणाऱ्या भागात, अॅक्सेप्टर थ्रेड नवी कनेक्शन स्वीकारतो, पोलर थ्रेड सगळ्या उघड्या कनेक्शनवर नजर ठेवतो, आणि एखाद्यावर वाचण्याजोगे काही आले की ते काम वर्कर पूलकडे दिले जाते. लॉगमध्ये ‘एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक’ अशा नावाने दिसणारे थ्रेड म्हणजे हेच वर्कर. तुमचा सर्व्हलेट, फिल्टर, कंट्रोलर, डेटाबेसची क्वेरी हे सगळे त्या एका थ्रेडवर चालते आणि उत्तर जाईपर्यंत तो थ्रेड अडकलेला असतो. दोन विनंत्यांच्या मध्ये नुसतेच उघडे राहिलेले कनेक्शन मात्र थ्रेड अडवून ठेवत नाही. जुन्या ब्लॉकिंग कनेक्टरमध्ये ते अडवत असे. तो कनेक्टर ८.५ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला.

इथे चार आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते वेगवेगळ्या दारांवर बसलेले आहेत. वर्कर थ्रेडची कमाल संख्या मुळात २०० असते आणि किमान १० थ्रेड तयार ठेवले जातात. एका वेळी उघडी राहू शकणारी कनेक्शन, म्हणजे मॅक्स कनेक्शन्स, मुळात ८१९२. ती मर्यादा गाठल्यावर नवी कनेक्शन ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत थांबतात, आणि त्या रांगेची लांबी सुचवणारा अॅक्सेप्ट काउंट मुळात १०० असतो. म्हणजे २०० थ्रेड व्यग्र असताना दोनशे एकावी विनंती नाकारली जात नाही. ती आत घेतली जाते आणि वर्करच्या रांगेत बसते. अशा हजारो विनंत्या बसू शकतात. ‘आमच्या सर्व्हरची क्षमता २०० आहे’ असे म्हणणाऱ्याने हे एकदा ताडून पाहावे.

टॉमकॅटने आणखी एक बदल केला आहे. वर सांगितलेला क्रम, म्हणजे आधी रांग आणि मग जास्तीचे थ्रेड, हा प्रोसेसरवर राबणाऱ्या कामांना ठीक असतो. पण वेब विनंतीचा बराचसा वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जातो आणि तिला रांगेत ताटकळत ठेवून थ्रेड वाचवण्यात काही अर्थ नसतो. म्हणून टॉमकॅटची स्वतःची टास्कक्यू, रिकामा थ्रेड नसेल आणि कमाल संख्या गाठलेली नसेल तेव्हा, ‘जागा नाही’ असे खोटेच सांगते. त्यामुळे पूल आधी कमाल संख्येपर्यंत वाढतो आणि मगच रांग भरू लागते. आपल्या मघाच्या हिशोबातली २४ कामे इथे ८ थ्रेडवर ३ सेकंदांत संपली असती. एका ओळीच्या खोटेपणातून साधलेली ही युक्ती मला आजही आवडते. टॉमकॅटच्या या रांगेलाही मुळात मर्यादा नसते; मर्यादा घालायची असेल तर मॅक्स क्यू साइझ द्यावा लागतो. मर्यादा घातल्यावर जे नाकारले जाते त्याला व्यवस्थित ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’) उत्तर जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. त्याचे कनेक्शन बंद केले जाते.

वाइल्डफ्लाय या ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये अंडरटो हा वेब सर्व्हर असतो आणि तिथे आयओ थ्रेड आणि टास्क थ्रेड असे दोन वर्ग आहेत. मूळ आकडे प्रोसेसरवरून निघतात : आयओ थ्रेड प्रोसेसरच्या कोअरच्या (पूलच्या कोअर संख्येच्या नव्हे) दुप्पट, टास्क थ्रेड सोळापट. आठ कोअर असतील तर १६ आणि १२८. आयओ थ्रेडवर वाट पाहायला लावणारे काम कधीही करू नये, कारण त्या एका थ्रेडवर शेकडो कनेक्शन अवलंबून असतात. वेबलॉजिक या आणखी एका सर्व्हरने ९.० आवृत्तीपासून स्वतःच संख्या जुळवून घेणारा एकच पूल ठेवला आणि प्राधान्यक्रम व मर्यादा वर्क मॅनेजरकडे सोपवल्या. एखादा थ्रेड ६०० सेकंद त्याच विनंतीवर अडकून राहिला तर त्याला ‘स्टक’ ठरवले जाते. नावे बदलतात, पण कुठल्याही सर्व्हरच्या बाबतीत रांग कुठे आहे आणि तिला मर्यादा आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

आकडा काढण्याची पद्धत

सुरुवात मोजण्यापासून करावी. दर सेकंदाला किती विनंत्या येतात आणि एका विनंतीला सरासरी किती वेळ लागतो, हे दोन आकडे ॲक्सेस लॉगमधून मिळतात. प्रक्रियेचा वेळ लॉगच्या ओळीत येत नसेल तर तो आधी चालू करून घ्यावा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की व्यवस्थेत एका वेळी असणाऱ्या गोष्टींची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. सेकंदाला १५० विनंत्या आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद, म्हणजे सरासरी ३० थ्रेड व्यग्र. दोनशेच्या पूलमध्ये हे आरामात बसते.

आता डेटाबेस मंदावला आणि विनंतीला २ सेकंद लागू लागले असे धरा. गरज ३०० थ्रेडची झाली आणि आपल्याकडे आहेत २००. दोनशे थ्रेड दोन सेकंदांच्या कामात सेकंदाला १०० विनंत्याच उरकू शकतात. येत आहेत १५०. रांग दर सेकंदाला ५० ने वाढते. एका मिनिटात ३००० विनंत्या रांगेत असतात आणि नव्या आलेल्या विनंतीचा नंबर लागायला ३० सेकंद लागतात. तोवर वापरणाऱ्याने पान बंद केलेले असते किंवा पुन्हा पुन्हा रिफ्रेश केलेले असते, पण सर्व्हरला ते कळत नाही. तो इमानेइतबारे त्या सोडून दिलेल्या विनंत्यांची उत्तरे तयार करत राहतो. डेटाबेस पूर्ववत झाल्यावरही सर्व्हर बराच वेळ सावरत नाही, त्याचे कारण बहुतेकदा ही शिळी रांग असते. म्हणून रांगेची लांबी ठरवताना एकच प्रश्न विचारावा : वापरणारा जास्तीत जास्त किती सेकंद थांबेल? उत्तर ३ सेकंद असेल आणि सर्व्हर सेकंदाला १०० कामे उरकत असेल, तर तीनशेपेक्षा लांब रांग ठेवून कोणाचेही भले होत नाही.

प्रोसेसरच्या बाजूने दुसरी तपासणी करावी. कोअरची संख्या, गुणिले प्रोसेसर किती टक्के वापरायचा आहे, गुणिले एक अधिक वाट पाहण्याचा वेळ भागिले प्रत्यक्ष कामाचा वेळ, असे सूत्र वापरले जाते. आठ कोअर, ८० टक्के वापर, १० मिलिसेकंद काम आणि ९० मिलिसेकंद वाट असेल, तर ८ गुणिले ०.८ गुणिले १० म्हणजे ६४ थ्रेड. निव्वळ गणिती कामात वाट शून्य असते आणि उत्तर कोअरच्या संख्येजवळ येते. तिथे २०० थ्रेड ठेवणे म्हणजे प्रोसेसरला विनाकारण नाचवणे. कंटेनरमध्ये चालणाऱ्या सर्व्हरसाठी एक खबरदारी घ्यावी : जावा ८ च्या १९१ या अपडेटच्या आधीच्या आवृत्त्यांना कंटेनरवर घातलेली सीपीयूची कोटा मर्यादा कळत नाही, त्या मशीनचे सगळे कोअर मोजतात. नव्या आवृत्तीवरही जावाला किती प्रोसेसर दिसत आहेत ते सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये एकदा छापून घ्यावे, आणि गरज पडल्यास ‘अॅक्टिव्ह प्रोसेसर काउंट’ हा पर्याय देऊन संख्या स्पष्ट करावी.

थ्रेड कशाची वाट पाहत आहेत

दोन्ही हिशोब बरोबर येऊनही सर्व्हर गुदमरू शकतो, आणि ते मी एकदा फार जवळून पाहिले आहे. एका ॲप्लिकेशनची पाने दुपारी मंदावत आणि मग सगळेच थांबे. कोणीतरी थ्रेड २०० वरून ५०० केले. त्रास कमी झाला नाही. उलट तो अधिक लवकर सुरू होऊ लागला. मग जेस्टॅक या साधनाने दहा दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे आहे त्याच्या नोंदी, घेतले. एकच डंप घेण्यात फारसा अर्थ नसतो, कारण थ्रेड त्या क्षणी तिथे होता की तिथेच अडकून पडला होता हे एका चित्रातून कळत नाही. तिन्ही डंपमध्ये जवळपास सगळे वर्कर ‘टाइम्ड वेटिंग’ स्थितीत होते आणि त्यांच्या स्टॅकच्या वरच्या ओळी सारख्याच होत्या : डेटाबेस कनेक्शन पूलकडून कनेक्शन मिळण्याची वाट. फक्त दहा थ्रेड वेगळे होते. ते ‘रनेबल’ दिसत होते, पण त्यांच्या स्टॅकच्या टोकाला सॉकेट वाचण्याची मेथड होती.

इथे दोन गोष्टी कळतात. पहिली, ‘रनेबल’ म्हणजे प्रोसेसरवर राबत आहे असे नव्हे. सॉकेटवर उत्तराची वाट पाहणारा थ्रेडही जावाच्या डंपमध्ये ‘रनेबल’च दिसतो. दुसरी, दहा हा आकडा योगायोगाचा नव्हता. हिकारीसीपी या कनेक्शन पूलची मूळ कमाल मर्यादा १० आहे आणि ती कोणी बदललेली नव्हती. ते दहा थ्रेड ट्रान्झॅक्शन उघडून, कनेक्शन हातात धरून, एका बाहेरच्या सेवेला एचटीटीपी विनंती करून बसले होते. कनेक्शन ५० मिलिसेकंद धरले जात असेल तर दहा कनेक्शनवर सेकंदाला २०० कामे होतात; बाहेरच्या सेवेमुळे ते १ सेकंद धरले गेले की फक्त १०. सर्व्हरला २०० थ्रेड असोत की ५००, नळाची तोटी तेवढीच होती. थ्रेड वाढवल्याने फक्त तोटीपुढची गर्दी वाढली. बाहेरची विनंती ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढली आणि तिला टाइमआऊट लावला, एवढ्यावर प्रकरण मिटले. थ्रेड पुन्हा २०० केले.

म्हणून थ्रेडचा आकडा बदलण्याआधी डंप घ्यावा, एकाच ठिकाणी थांबलेले थ्रेड मोजावेत आणि त्या ठिकाणचा अडथळा पाहावा. अनेक थ्रेड ‘ब्लॉक्ड’ असतील तर कोणत्या लॉकवर आणि तो कोणाकडे आहे हे डंपमध्येच लिहिलेले असते. प्रत्येक बाहेरच्या कॉलला कनेक्ट होण्याचा आणि वाचण्याचा असे दोन्ही टाइमआऊट आहेत ना, हेही तपासावे. अनेक लायब्रऱ्यांमध्ये ते मुळात अनंत असतात.

स्वतःचा एक्झिक्युटर लागतो तेव्हा

रिपोर्ट तयार करणे, मेल पाठवणे, चार सेवांना एकाच वेळी विचारणे अशा कामांसाठी वर्करव्यतिरिक्त वेगळा पूल लागतो. सर्व्हर जकार्ता ईईचा (जावा ईईचे आजचे नाव) असेल तर स्वतः थ्रेड तयार न करता मॅनेज्ड एक्झिक्युटर सर्व्हिस घ्यावी. २०१३ च्या जावा ईई ७ मध्ये जेएसआर २३६ ने ती दिली. ती क्लासलोडर, सुरक्षेची ओळख आणि नावांचा संदर्भ नव्या थ्रेडपर्यंत नेते. ट्रान्झॅक्शन मात्र नेत नाही, आणि हे न कळल्यामुळे ‘रोलबॅक केले तरी अर्धी नोंद राहिली’ अशा तक्रारी येतात. स्वतः तयार केलेला थ्रेड ॲप्लिकेशन काढल्यावरही जिवंत राहिला, तर तो त्या ॲप्लिकेशनचा सगळा क्लासलोडर धरून ठेवतो. दोन चार वेळा डिप्लॉय केले की मेटास्पेस, म्हणजे क्लासच्या माहितीसाठीची मेमरी, भरते. टॉमकॅट अशा थ्रेडचे नाव घेऊन लॉगमध्ये इशारा देतो. तो वाचावा.

पूल स्वतः तयार करणारच असाल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे थ्रेडला नाव देणे. ‘पूल-३-थ्रेड-७’ हे नाव रात्री दोन वाजता डंप वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘रिपोर्ट-७’ सगळे सांगते. त्यासाठी थ्रेड फॅक्टरी लागते, ती लिहायला पाच मिनिटे पुरतात.

मग नकाराचे धोरण. मूळ धोरण एक्सेप्शन फेकते, आणि बहुतेक वेळा तेच योग्य असते, कारण नकार दिसतो आणि त्यावर काही करता येते. ‘कॉलर रन्स’ हे धोरण काम देणाऱ्या थ्रेडलाच ते काम करायला लावते, त्यामुळे देणारा आपोआप मंदावतो. विनंतीच्या वर्कर थ्रेडवरून काम दिले जात असेल तर हा छान ब्रेक आहे, पण देणारा आयओ थ्रेड असेल तर सगळ्यांचाच खोळंबा होतो. गुपचूप टाकून देणारी धोरणे मी टाळतो. ‘सबमिट’ने दिलेले काम अशा प्रकारे टाकले गेले, तर हाती आलेले फ्युचर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाची पावती, कधीच पूर्ण होत नाही आणि त्यावर वेळेची मर्यादा न घालता ‘गेट’ करणारा थ्रेड कायमचा अडकतो.

एक्सेप्शनचीही अशीच गंमत आहे. ‘एक्झिक्युट’ने दिलेले काम फुटले तर एक्सेप्शन थ्रेडच्या अनकॉट हँडलरपर्यंत पोहोचते आणि निदान एरर लॉगमध्ये तरी दिसते. तेच काम ‘सबमिट’ने दिले तर एक्सेप्शन फ्युचरमध्ये जाऊन बसते, आणि फ्युचर कोणी उघडलेच नाही तर ते कोणालाही कळत नाही. ठरावीक अंतराने चालणाऱ्या कामाच्या बाबतीत याहून वाईट होते : एका फेरीत एक्सेप्शन बाहेर पडले की पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात, एक ओळही न छापता. ‘तो जॉब तीन आठवड्यांपासून चाललाच नाही’ हे वाक्य ऐकले की मी आधी हीच जागा बघतो. अशा कामाच्या सर्वांत बाहेर ट्राय-कॅच असावा आणि कॅचमध्ये लॉग असावा.

वेगळ्या स्वरूपाच्या कामांना वेगळे पूल द्यावेत, म्हणजे रिपोर्टच्या गर्दीत मेल अडकणार नाहीत. शिवाय, एकाच पूलमध्ये पालक काम आणि त्याची पोटकामे टाकू नयेत. दहा थ्रेडच्या पूलमध्ये दहा कामे चालू आहेत आणि प्रत्येकाने त्याच पूलला एक पोटकाम देऊन त्याच्या निकालाची वाट धरली, तर दहाही थ्रेड वाट पाहत बसतात, दहाही पोटकामे रांगेत राहतात आणि काहीच हलत नाही. इथे कोणताही लॉक नसल्यामुळे जेस्टॅकचा डेडलॉक शोधकही काही सांगत नाही. चाचणीत दोन तीनच विनंत्या असतात, तेव्हा सगळे सुरळीत दिसते. हा दोष फक्त गर्दीत उगवतो.

कम्प्लिटेबलफ्युचर वापरताना एक्झिक्युटर दिला नाही तर काम बहुधा कॉमन फोर्क-जॉइन पूलवर जाते. तो अख्ख्या जेव्हीएमला (जावा व्हर्च्युअल मशीनला) एकच असतो, मुळात कोअरपेक्षा एकने कमी एवढाच असतो, आणि पॅरलल स्ट्रीमही तोच वापरतात. डेटाबेसची वाट पाहणारी कामे तिथे टाकू नयेत. जावा ९ पासून त्याच्या थ्रेडना ॲप्लिकेशनचा नव्हे तर सिस्टिमचा क्लासलोडर मिळतो, त्यामुळे सर्व्हरमध्ये ‘क्लास सापडला नाही’ अशी चमत्कारिक चूक येऊ शकते. एक्झिक्युटर नेहमी स्पष्टपणे द्यावा.

थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे थ्रेडला चिकटवून, ठेवलेली माहिती काम संपल्यावर फायनली ब्लॉकमध्ये पुसावी. थ्रेड पुन्हा वापरला जातो, म्हणजे एका वापरकर्त्याची ओळख दुसऱ्याच्या विनंतीत निघू शकते, आणि ही साधी चूक नसून सुरक्षेची भगदाड आहे.

पूल बंद करताना

‘शटडाऊन’ नवे काम घेणे थांबवते आणि रांगेतली कामे पूर्ण होऊ देते. ‘शटडाऊन नाऊ’ चालू थ्रेडना इंटरप्ट करते आणि सुरूच न झालेल्या कामांची यादी परत देते. नेहमीची रीत अशी : आधी ‘शटडाऊन’, मग ठरावीक काळ ‘अवेट टर्मिनेशन’, तोवर संपले नाही तर ‘शटडाऊन नाऊ’. मात्र इंटरप्ट ही विनंती असते, हुकूम नव्हे. कोडने इंटरप्टेड एक्सेप्शन पकडून गिळून टाकले तर थ्रेड थांबत नाही. पकडलेच तर थ्रेडचा इंटरप्ट झेंडा पुन्हा उभा करावा. मॅनेज्ड एक्झिक्युटर बंद करणे सर्व्हरचे काम आहे, आपण प्रयत्न केला तर इल्लीगल स्टेट एक्सेप्शन येते. बंद करण्याचा क्रमही पाळावा : आधी नव्या विनंत्या, मग पूल, मग डेटासोर्स, उलट केले तर शेवटची कामे बंद झालेल्या कनेक्शनवर आपटतात. कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीस, थांबण्याची सूचना दिल्यावर, मुळात ३० सेकंदांनी प्रोसेस मारतो, तेव्हा आपला थांबण्याचा काळ त्याच्या आत बसवावा.

व्हर्च्युअल थ्रेड आल्यावर

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने व्हर्च्युअल थ्रेड पक्के केले. असा थ्रेड वाट पाहू लागला की तो खालच्या खऱ्या थ्रेडवरून उतरतो आणि ती जागा दुसऱ्याला मिळते, त्यामुळे असे लाखो थ्रेड परवडतात. ते पूलमध्ये ठेवायचे नसतात. प्रत्येक कामाला नवा द्यायचा. पण पूल गेला म्हणजे त्याने नकळत घातलेली मर्यादाही गेली. आधी २०० वर थांबणारी गर्दी आता सरळ दहा कनेक्शनच्या तोटीवर किंवा बाहेरच्या सेवेवर जाऊन आदळते. ती मर्यादा आता त्या त्या साधनाजवळ सेमाफोर, म्हणजे मोजक्याच परवानग्या देणारा पहारेकरी, लावून घालावी लागते, आणि परवानगी मिळण्याची वाट पाहण्यालाही टाइमआऊट असावा.

जावा २१ वर चालवत असाल तर सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत वाट पाहणारा व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला खिळून राहतो, हे लक्षात घेऊन अशा जागी रीएन्ट्रंटलॉक हा जावाचा दुसरा लॉक वापरावा. जावा २४ मध्ये ही अडचण बहुतांशी दूर झाली आहे. डंप घेण्याची सवयही बदलावी लागते. नेहमीच्या जेस्टॅकच्या डंपमध्ये वाट पाहत बसलेले व्हर्च्युअल थ्रेड दिसत नाहीत. त्यासाठी जेसीएमडी या साधनाची ‘थ्रेड डंप टू फाइल’ ही आज्ञा द्यावी लागते. अडचण येण्याआधीच ती एकदा चालवून, तयार होणारी फाइल कुठे पडते आणि ती लिहिण्याची परवानगी सर्व्हरच्या युजरला आहे का, हे पाहून ठेवावे.